बाप मेला, जमीन मेली नाही!



पाड्यात माणूस मेला की आपण लाकडं गोळा करतो, रात्रभर बसतो, दिवस घालतो. पण सातबाऱ्यावर तो माणूस वर्षानुवर्षं जिवंतच राहतो. मग पीककर्ज अडतं, भरपाई अडते, आणि दलाल दारात येतो, "वारस लावून देतो, पैसे काढा."

पैसे कशाचे? वारसांत वाद नसेल तर सातबाऱ्याला कोर्टाचा दाखला कशाला? फेरफार तलाठ्याने धरायचा, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करायचा. त्याचाच ते पगार घेतात!

वनपट्ट्याचं तर 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 4(4) मध्ये लिहिलंय: पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. नवराबायको दोघांच्या नावाने असतो. मग नवरा मेला म्हणून बाई उपरी कशी झाली?

भाऊबंदांनाही आमचा सवाल आहे. "ती सासरी गेली" म्हणून पोरीचं नाव गाळता? लावणीला पोरगी चालते, मोर्चाला चालते, फक्त कागदावर चालत नाही? हे आम्हाला मंजूर नाही.

म्हणून मयताची नोंद 21 दिवसांत ग्रामसेवकाकडे करा. सातबाऱ्यासाठी 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाईसकट, पोरींसकट सगळ्या वारसांची नावं ग्रामसभेत मोठ्याने वाचा, ठराव लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, दलालाला दमडी नाही. तरी अडवलं, तर अख्खा पाडा तहसीलवर नेऊ.

कसेल त्याची जमीन, कसेल तिचीही जमीन!