मामुलाची चौकशी

लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेला तरुण जी आज्ञावली बांधतो, ती लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही इलाख्यांत सारखीच चालावी अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. परंतु बांधणीच्या वेळी हॅशचे, म्हणजे मजकुराचा ठसा काढण्याचे, काम नेमके कोणाच्या हाती सोपवले गेले, हे मेकफाईलच्या दफ्तरात कोणीतरी पूर्वी मामूल (डिफॉल्ट) म्हणून लिहून ठेवलेले असते, आणि मामुलाची चौकशी करण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही.

आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचेच पाहावे. 2005 पासून त्याचा बहुतेक व्यवहार शा-1 या हॅश-पद्धतीच्या चाळीस अक्षरी ठशावर उभा आहे. 23 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच ठसा देणाऱ्या दोन भिन्न पीडीएफ फायली जगापुढे ठेवल्या. त्याच वर्षी गिटच्या 2.13 आवृत्तीने असा बनाव ओळखणारी अंमलबजावणी मामूल म्हणून स्वीकारली. मॅकवरची बांधणी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ ॲपलच्या लायब्ररीकडेच जात राहिली. आणि हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, कारण प्रामाणिक फायलीवर दोहोंचा ठसा तंतोतंत एकच. घोडेगावच्या बाजारात दोन मापाडी कांद्याच्या एकाच गोणीचे वजन सारखेच सांगतील. तळाशी दगड आहेत काय, हे पाहणारा त्यांतला एकच. नेहमीच्या चाचण्या वजनापुरत्या असतात.

तपासणी करणारी अंमलबजावणी मंद आहे, ही तक्रार खरी. आणि आपल्याच डिस्कवरची फाईल बिघडली काय, एवढेच पाहायचे असेल तेथे जलद अंमलबजावणी वापरण्यास आमची हरकत नाही. पण परक्याकडून आलेल्या मजकुराला तोच न्याय लावता येत नाही. म्हणून सुरक्षित ते सर्व प्रणालींवर मामूल असावे, आणि ज्याला वेग हवा त्याने तो नाव घेऊन, लेखी, मागावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मामुलाचा हा प्रश्न न्यायालयातही पोहोचतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या दाखल्याच्या नमुन्यात शा-1, शा-256 आणि एमडी-5 हे पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत. नगरच्या न्यायालयात तो दाखला देणाऱ्या तज्ज्ञाने तेथे कोणती खूण केली, हे बहुधा त्याच्या साधनाच्या मामुलानेच ठरवलेले असते. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने तर शा-1 ला 31 डिसेंबर 2030 पर्यंतचीच मुदत दिली आहे.

वाचकांनी आपल्या प्रत्येक यंत्रावरील बांधणीत हॅश कोणाकडून येतो, तेवढे या महिन्यात पाहून आम्हास कळवावे.