उघड गोष्टीची मालकी

ग्राफिक्स प्रोसेसरच्या साहाय्याने व्हिडिओचे संकेतन जलद करण्याच्या एका पद्धतीसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2004 मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि 2010 मध्ये तिला पेटंट मिळाले. एका चित्रातील कोणता भाग पुढच्या चित्रात किती सरकला, याचा हिशेब हे संकेतनातील सर्वांत कष्टाचे काम. ते ग्राफिक्स प्रोसेसरकडे द्यावे, आणि तो एका चित्रात गुंतला असता मुख्य प्रोसेसरने दुसऱ्या चित्राचे उरलेले काम उरकावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना.

कातण खात्यात नवे सूत निघत असते त्याच वेळी साचेखात्यात आधीच्या सुताचे कापड विणले जात असते, हे गिरणीतल्या कोणत्याही बदली कामगाराला ठाऊक होते. या वाटणीवर वीस वर्षांचा हक्क सांगावा, असे गिरणीमालकांनाही सुचले नव्हते! कल्पना प्रत्यक्षात उतरविण्यास कौशल्य लागते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु लिहिलेल्या आज्ञावलीला कॉपीराइटचे संरक्षण असतेच. पेटंट त्यापलीकडे जाते. जो स्वतःच्या बुद्धीने त्याच उपायापर्यंत पोहोचला, त्याचाही हात ते धरते.

क्षेत्रातील सामान्य कुशल व्यक्तीला जे उघड वाटेल त्याला पेटंट नाही, असे अमेरिकन कायदा 1952 पासून सांगतो. व्यवहारात मात्र तेथील अपील न्यायालय दीर्घकाळ पूर्वीच्या लिखाणात तशी सूचना शोधत राहिले. जे सर्वांनाच उघड असते ते लिहून ठेवतो कोण? मोटारीच्या पेडलसंबंधीच्या केएसआर खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने हा ताठरपणा मोडला आणि कुशल माणूस म्हणजे निव्वळ यंत्र नव्हे, असे बजावले. वरील पेटंट मंजूर झाले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट नाही, हे आपल्या कायद्यातील 3(के) कलम 2002 च्या दुरुस्तीने आले. 2004 अखेरच्या वटहुकुमाने हार्डवेअरशी जोडलेल्या आज्ञावलीसाठी त्यात वाट काढली होती. ग्राफिक्स प्रोसेसरवरील दावे नेमके याच वाटेने आले असते. डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे 2005 मध्ये संसदेने ती वाट बंद केली. पुढे 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘तांत्रिक परिणाम’ दाखविणाऱ्या शोधांना या कलमाचा अडसर नसावा, असा अर्थ लावला. लोकप्रतिनिधींनी नाकारलेली गोष्ट अशा रीतीने अर्थनिर्णयातून परतते, आणि तिच्यावर सभागृहात चर्चाही होत नाही.

पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते, आणि दावा उघड गोष्टीचा आहे हे त्यासाठी पुरेसे कारण आहे. पूर्वी विनाशुल्क असलेल्या या हरकतीवर 2024 च्या नियमांनी शुल्क बसविले. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या संघटनांनी ते वर्गणीतून भरावे, पण ग्राफिक्स आणि व्हिडिओवरील असे दावे बिनहरकत जाऊ देऊ नयेत.