रॅम्पचा फोटो निघतो

नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजात सगळ्यात आधी रंग लागतो तो रॅम्पला. मग कुणीतरी मोबाइल घेऊन फिरतं आणि फोटो काढतं. रॅम्प, लिफ्ट, कोपऱ्यात ठेवलेली व्हीलचेअर, दारावर निळं चिन्ह असलेलं स्वच्छतागृह. फोटोच्या खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. गेली काही वर्षं नॅकच्या अहवालात ७.१.७ क्रमांकाचा निकष भरावा लागत आलाय: दिव्यांगांसाठी अडथळामुक्त वातावरण. त्यात पाच गोष्टी विचारतात. रॅम्प-लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, सहायक तंत्रज्ञान, आणि वाचक-लेखनिक वगैरे मनुष्यबळ. जितक्या गोष्टी असतील तितके गुण जास्त, आणि पुरावा म्हणून हे जिओटॅग केलेले फोटो.

माझी रॅम्पबद्दल तक्रार नाही. ज्यांना तो लागतो त्यांनाही धड मिळत नाही. कित्येक ठिकाणी तो इतका उभा असतो की व्हीलचेअर ढकलायला दोन पैलवान लागावेत. माझी तक्रार अशी आहे की ज्या अपंगत्वाचा फोटो निघत नाही, ते आपल्या विद्यापीठांच्या हिशेबात धरलंच जात नाही.

मी ऑटिस्टिक आहे. मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात, आणि हा शब्द ज्यांनी कुणी रूढ केला त्यांच्याशी माझं भांडण आहे. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं आपल्याच नादात आहे, बाहेरचं त्याला काही कळत नाही. माझं नेमकं उलट आहे. बाहेरचं सगळं एकदम आत येतं. शिकवणाऱ्या सरांचा आवाज, पंख्याची करकर, मागच्या बाकावरची कुजबुज, पॅसेजमधली चप्पल, ट्यूबलाइटची फडफड, सगळं एकाच मापाने. तुमचा मेंदू यातलं नको ते आपोआप गाळतो. माझ्याला ते काम हाताने करावं लागतं, आणि दुपारपर्यंत मी दमलेला असतो.

मी मूळचा तिसगावचा, पाथर्डी तालुका. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट उतरलात की थोड्या वेळाने लागतं ते. गावात मला कुणी स्वमग्न म्हणायचं नाही. ‘येडं’ म्हणायचे, ‘हुशार आहे पण माणसात येत नाही’ म्हणायचे. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेला अख्खं घर जायचं आणि मी आजीबरोबर मागे राहायचो. ढोलताशाने माझी काय गत होते ते आजीला माहीत होतं, तिला त्यासाठी प्रमाणपत्र लागलं नाही. शाळेत माझी जागा ठरलेली होती. खिडकीजवळचा दुसरा बाक. गुरुजी तेच, घंटा तीच, रस्ता तोच. आज मागे वळून बघतो तेव्हा कळतं की कायद्याच्या भाषेत ज्याला ‘वाजवी सोयीसुविधा’ म्हणतात, त्यातल्या निम्म्या मला तिथे कुणी न मागता मिळत होत्या. दहावीला चांगले मार्क पडले, बारावीलाही पडले, आणि मी पुण्याला आलो.

पुण्यातलं कॉलेज मोठं आहे, अनुदानित आहे. नाव लिहीत नाही, कारण इतर कॉलेजवाल्यांनी ‘आपलं नाही ना’ म्हणून सुस्कारा सोडू नये. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी कोसळलो. वर्गात दीडशे मुलं. वेळापत्रक रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर बदलणार. ‘उद्याचं लेक्चर दुसऱ्या बिल्डिंगला’ एवढ्या एका ओळीने माझी रात्र जायची. ताईने ओळखीतून मानसोपचारतज्ज्ञ गाठला, तपासण्या झाल्या, आणि एकोणिसाव्या वर्षी मला माझ्या येडेपणाचं नाव मिळालं. त्यासाठी सरकारची स्वतःची मोजपट्टी आहे. ‘इसा’ म्हणतात तिला, ऑटिझमसाठीची भारतीय मापनश्रेणी. चाळीस मुद्दे, आणि सत्तरच्या पुढे गुण गेले की तुम्ही ऑटिस्टिक. आयुष्यात पहिल्यांदा असा पेपर दिला, ज्यात जास्त मार्क पडले म्हणून घरचे गप्प झाले.

प्रमाणपत्र हातात आल्यावर मी रीतसर अर्ज केला. मागण्या पाच होत्या. परीक्षा वेगळ्या, कमी मुलांच्या खोलीत द्या. कानात आवाज कमी करणारे बोळे घालू द्या, हवं तर आधी तपासून घ्या. वेळापत्रकातला बदल किमान एक दिवस आधी लेखी कळवा. तोंडी परीक्षेतले प्रश्न कागदावर लिहून द्या, उत्तर मी तोंडीच देईन. आणि अडचण आली तर नेमकं कुणाकडे जायचं, त्या एका माणसाचं नाव सांगा.

पाचही मागण्यांचा खर्च काढून बघा. शून्य रुपये. मला वाटतं गोम तिथेच आहे. खर्च असता तर प्रस्ताव गेला असता, निधी आला असता, टेंडर निघालं असतं, उद्घाटनाला कुणीतरी आलं असतं.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि मॅडमकडे पाठवलं. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, “पण तू तर व्यवस्थित बोलतोस की रे.” मग म्हणाल्या, “म्हणजे ते तारे जमीन पर सारखं का?” (ते डिस्लेक्सियावर होतं, पण असो.) शेवटी त्यांनी कपाटातून एक फॉर्म काढला. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कॉलेजकडे असलेला एकमेव फॉर्म, लेखनिक मागण्याचा. “आपण तुला रायटर देऊ,” त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. म्हणजे ज्या मुलाला परीक्षेत आवाज सहन होत नाही आणि अनोळखी माणसाशी बोलताना शब्द फुटत नाहीत, त्याच्या शेजारी तीन तास एक अनोळखी माणूस बसवायचा, आणि उत्तरं त्याला बोलून दाखवायची. माझे हात ठणठणीत आहेत हो. मी नाही म्हटलं. तर फाइलवर शेरा पडला: विद्यार्थ्याने सुविधा नाकारली.

त्या सत्रात एका विषयाच्या लेखी परीक्षेत मला सत्तरपैकी एकसष्ट मिळाले. अंतर्गत मूल्यमापनात तीसपैकी आठ. पासिंगला बारा लागतात आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. अंतर्गत म्हणजे काय, तर ग्रुप प्रेझेंटेशन आणि पाच मिनिटांची तोंडी. विषय येत होता हे एकसष्ट मार्क सांगतात. तरी एटीकेटी लागली ती त्याच विषयात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाखाली सादरीकरण, गटकार्य, चर्चा यांचं वजन वाढतंय आणि सगळे त्याला पुरोगामी म्हणतायत. असेलही. पण विषय समजणं आणि चारचौघांत चटकन बोलता येणं या दोन गोष्टी एकाच रकान्यात मोजायच्या कुणी ठरवलं?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. ही माहिती कॉलेजचं कुठलंच माहितीपत्रक तुम्हाला देणार नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते. ऑटिझम त्यात नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तिथला भर पालकत्व आणि सांभाळ यांवर. म्हणजे ऑटिस्टिक माणूस हा कुणीतरी सांभाळायचा माणूस. तो बीएस्सी करेल ही कल्पनाच नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला आणि यादी एकवीसवर गेली. त्यात ऑटिझम आहे. कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने त्या-त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची. ‘त्या-त्या विद्यार्थ्याच्या’ हे शब्द माझ्या मॅडमच्या कपाटातल्या फॉर्मला माहीत नाहीत. कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखीव. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिसेबल्ड राइट्स ग्रुपच्या याचिकेवर हे पाच टक्के पाळा म्हणून पुन्हा बजावलं. आणि प्रत्यक्षात? केंद्राच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात ४ कोटी १३ लाख विद्यार्थी होते, त्यात दिव्यांग ७९ हजारांच्या आसपास. हजारात दोन.

त्या दोनांतले ऑटिस्टिक किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. आणि ज्यांना आपण ऑटिस्टिक आहोत हेच माहीत नाही त्यांना कुठे धरायचं? पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेतलं मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी तपासलं जातं. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या काही मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, कधी पोरांना घेऊन, कधी आजीकडे ठेवून. त्यातला एखादा बोलत नसेल, एकच खेळ तासन् तास खेळत असेल, तर त्याला तपासायला नेणार कोण, आणि कोणत्या दिवसाची मजुरी बुडवून? तो कॉलेजच्या दारापर्यंत पोचतच नाही. मी पोचलो, कारण आप्पांचं स्टँडजवळ दुकान आहे आणि ताई पुण्यात नोकरी करते. यात माझ्या हुशारीचा वाटा किती, हे मला नक्की सांगता येत नाही.

आणखी एक भानगड आहे, ती आमच्या जिल्ह्याची. जुलै २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजलं. खेडकर कुटुंब आमच्याच पाथर्डी तालुक्यातलं. लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, दिव्यांग प्रमाणपत्रांवरून चौकशा लागल्या. त्यांनी आरोप नाकारलेत आणि काय ते न्यायालय ठरवेल. मला त्यात पडायचं नाही. मला त्यानंतरच्या हसण्याबद्दल बोलायचंय. त्या वर्षापासून प्रमाणपत्रावर जिल्ह्याचं नाव वाचलं की समोरच्याच्या ओठांवर एक हसू येतं. “नगरचं का? बरं बरं.” ज्याचा पाय नाही त्याच्याकडे बघून कुणी असं हसत नाही. ज्याचं अपंगत्व दिसत नाही, त्याला मात्र आधी स्वतःला निर्दोष सिद्ध करावं लागतं. एखाद्याने खोटी नोट चालवली म्हणून दुकानदार सगळ्यांच्या नोटा घ्यायचं थांबवतो का?

हा संशय फक्त कारकुनाच्या हसण्यात नाही, नियमांतही आहे. २०१९ च्या वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत ऑटिझमसाठी एक ओळ होती. चाळीस ते साठ टक्के ‘इसा’प्रमाणे असेल आणि तज्ज्ञ समिती योग्य ठरवेल, तर एमबीबीएसला बसता येईल. पण आरक्षण नाही, कारण अपंगत्व मोजायची वस्तुनिष्ठ पद्धत उपलब्ध नाही! एकाच तक्त्याच्या एका रकान्यात सरकारी मोजपट्टीने टक्के मोजायचे आणि शेजारच्या रकान्यात मोजपट्टीच नाही म्हणायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मानसिकतेवर बोट ठेवलं. त्याला वाचा आणि भाषेचं अपंगत्व होतं, टक्केवारी चाळीसच्या वर, म्हणून एमबीबीएसला अपात्र. आणि राखीव जागा मिळायला तर चाळीसच हवेत. न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावरून दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का, ते तपासा. त्याला प्रवेश मिळाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला म्हणून मिळाला.

‘मग उद्या सगळेच शांत खोली मागतील’ असं एक सर मला म्हणाले. मागू द्या की. वेळापत्रक आदल्या दिवशी कळलं तर दीडशे मुलांचं काय वाकडं होणार आहे? दुसरा नेहमीचा मुद्दा, ‘पुढे नोकरीत कोण देणार हे?’ त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ऑटिझम, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता वगैरेंसाठी आहे. देणारे तिथेही टाळाटाळ करतात, पण म्हणून कॉलेजने ती आधीच सुरू करायची गरज नाही. आणि मला ग्रेस मार्क नको आहेत. प्रश्न कागदावर हवा आहे.

तुमच्यापैकी कुणी याच फेऱ्यात असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास होतो. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नसेल तर काहीच मिळत नाही असं सांगतील, ते खरं नाही. विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की वाजवी सोयीसाठी चाळीसची अट नाही; ती आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मागणी ‘मदत करावी’ अशी लिहू नका. काय हवं ते एक-एक करून लिहा आणि वर कलम १६ व १७ टाका. उत्तर नाही आलं तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जा, कार्यालय पुण्यातच आहे. तक्रारीच्या चौकशीत साक्षीदार बोलवायचे, कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त दहा हजार. रॅम्पच्या रंगाला यापेक्षा जास्त खर्च येत असेल, पण दंडाची नोटीस प्राचार्यांच्या टेबलावर येते आणि तिच्यावर तारीख असते.

या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, त्याच्या जाहिराती झाल्या. त्या विभागाने विद्यापीठांना एवढंच विचारावं: गेल्या वर्षी तुमच्या किती विद्यार्थ्यांनी लेखनिक सोडून दुसरी काही सोय मागितली, आणि तुम्ही त्यातल्या किती जणांना काय उत्तर दिलं? कॉलेजनिहाय आकडे मागवावेत. फोटो नकोत.

माझा दुसरा अर्ज तेवीस दिवसांपूर्वी आवक झाला आहे. या वेळी मागण्या चारच ठेवल्यात. कानातल्या बोळ्यांची मागणी काढून टाकली, कारण त्याने कॉपी करता येते असं परीक्षा विभागाचं मत पडलं. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तारीख अजून कळलेली नाही. ग्रुपवर टाकू म्हणालेत.