रक्तातला 'ध'चा 'मा'

दिवाळीच्या सुमारास आमच्या सिंदेवाहीकडे हलक्या धानाची कापणी लागते आणि घरोघरचे विळे बाहेर निघतात. तो विळा पोट भरणारा. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या कितीतरी घरांत दुसरा एक विळा रक्तातच दडलेला असतो. सिकलसेल हे त्या आजाराचे नाव. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर रात्रभर हातपाय धरून कण्हते.

कारण केवढे? नारायणराव पेशव्यांच्या वेळी 'धरावे'चे 'मारावे' झाले म्हणतात, तेवढेच! हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. सहाव्या दुव्यावर ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलिन येऊन बसते.

या एका बदलाने पेशी का वाकावी? ते कळायला रेणूचा नकाशाच हवा. अशा नकाशांचे दप्तर १९७१ साली अमेरिकेत ब्रुकहेवन येथे उघडले. त्याचे नाव प्रोटीन डेटा बँक. आरंभी नोंदी अवघ्या सात. २०२३ साली त्या दोन लाखांवर गेल्या. सिकल हिमोग्लोबिनच्या एका नोंदीचा क्रमांक आहे '२एचबीएस'. प्राणवायू सुटला की एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत कसे रुतते, हे तीत दिसते. असे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळतात आणि पेशी वाकते.

या दप्तराची रीत सातबाऱ्यासारखी. एका अणूला एक ओळ. तीत अणूचे नाव, त्याचा दुवा आणि जागा सांगणारे तीन आकडे. ओळीत घरे ऐंशीच, कारण त्या काळच्या छिद्रे पाडलेल्या कार्डांवर रकाने ऐंशी असत. अणूच्या क्रमांकाला पाच घरे. ९९,९९९च्या पुढे मोजायचे कसे? मोठमोठे रेणू आले तसे जुने कापड अपुरे पडले. म्हणून आता 'एमएमसीआयएफ' ही मांडणी मुख्य झाली आहे. तीत घरे मोजावी लागत नाहीत. प्रत्येक माहितीला तिचे नाव जोडलेले असते.

हे दप्तर जगात कोणालाही फुकट उघडता येते. आपल्या घरची नोंद मात्र आपणच करून घ्यायची असते. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून तपासल्यावाचून कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीही तपासणीवरच भर देते. तुळशीचे लग्न लागले की घरोघर सोयरिकी सुरू होतील. पत्रिका खुशाल जुळवा. पण त्याआधी दोघांच्या रक्ताची ही एक ओळ वाचून घ्या.