बाजारात चालते तेच कोडिंग शिकायचे का?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात एक प्रश्न हमखास येतो : कोणती लँग्वेज शिकली की नोकरी लागेल? नोकरीच्या जाहिरातींत जे नाव जास्त दिसते, त्याचाच फलक क्लासबाहेर लागतो. पहिली नोकरी हवी असेल तर बाजाराकडे पाहावेच लागते. मात्र जाहिरातींतून फक्त आजची मागणी कळते. शिकलेले किती वर्षे उपयोगी पडेल, याचा अंदाज त्यातून येत नाही.

फ्लॅशचेच पाहा. एकेकाळी वेबसाइटवरचे गेम, ॲनिमेशन, व्हिडिओ यांचा मोठा भार फ्लॅशवर होता. यूट्यूबही आधी त्यावरच चालायचे. पण मालकी एकट्या ॲडोबी कंपनीकडे होती आणि ॲपलने आयफोनमध्ये फ्लॅशला जागा दिली नाही. एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी खुल्या पत्रात त्याची कारणे मांडली. ३१ डिसेंबर २०२०नंतर ॲडोबीने सपोर्टच थांबवला.

गूगलच्या अँग्युलरजेएसची गोष्ट थोडी वेगळी. २०१०मध्ये आलेले हे फ्रेमवर्क लोकप्रिय झाले, पण २०१६ची पुढची आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. जुना कोड तिच्यात जसाच्या तसा चालेना. ज्यांची जावास्क्रिप्ट पक्की होती, त्यांना बदल जड गेला नाही. फ्रेमवर्कच्या आज्ञा तेवढ्या पाठ केलेल्यांचे हाल झाले.

उलट १९५९मध्ये जन्मलेली कोबोल! एप्रिल २०२०मध्ये कोरोनाकाळात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली. आज फ्रेशरने कोबोलच शिकावी, असा याचा अर्थ नाही. पण चर्चेतून गेलेले तंत्रज्ञान वापरातूनही गेले, असे समजण्यात घाई होते.

म्हणून ट्रेंड पाहावा तो फ्रेमवर्क निवडताना. ते बदलणारच आहे. जास्तीचा वेळ मात्र एक भाषा, डेटा स्ट्रक्चर्स, नेटवर्किंगची ओळख आणि १९७०च्या दशकापासून टिकलेले एसक्यूएल यांना द्यावा. फी भरण्याआधी क्लासचा सिलॅबस मागून घ्या. सहा महिन्यांत चार फ्रेमवर्क आणि एसक्यूएलला दोन दिवस असतील, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या क्लासमध्येही चौकशी करा.