धुराचें वजन

विद्यापीठ म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पदवीदान समारंभ, परीक्षांचे निकाल आणि फार झालें तर एखादें भव्य ग्रंथालय एवढेंच चित्र उभें राहतें. चुलीपुढें बसलेल्या बाईच्या श्वासांत दिवसाकांठीं किती धूर जातो हें मोजणें, आणि तें मोजण्याची विद्या दुसऱ्यांस शिकविणें, हें एखाद्या विद्यापीठाच्या विभागाचें मुख्य काम असूं शकेल असें आपल्या मनांतही येत नाहीं. चेन्नईच्या पोरूर भागांतील श्रीरामचंद्र विद्यापीठांत असा एक विभाग आहे. 'पर्यावरणीय आरोग्य अभियांत्रिकी' हें त्याचें नांव जरा अवजड आहे खरें. परंतु ज्या घरांतील तीन पिढ्यांचा स्वयंपाक एकाच चुलीवर झाला, त्या घरच्या मंडळींस त्याचा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं.

चुलीचा धूर म्हणजे काय हें ज्यांनीं भोगलें आहे अशा आजीबाई अजून पुष्कळ घरांत आहेत. काळवंडलेलीं आढीं, पावसाळ्यांतलीं ओलीं लाकडें, हातांत फुंकणी आणि पदरानें डोळे पुसणारी सून, हें चित्र त्यांस सांगावें लागत नाहीं. त्या काळीं धूर हा स्वयंपाकाचाच एक भाग समजला जाई. खोकला लागे, दमा जडे, त्याची घरांत कुरबूरही होई. पण धुरास कोणीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें नव्हतें, कारण त्याचें मोजमापच कोणीं केलें नव्हतें.

तें मोजमाप आपल्या देशांत आरंभीं ज्यांनीं केलें त्यांत कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागेल. १९८१ सालीं आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनीं गुजराथेंतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारीं यंत्रें बांधलीं, तेव्हां एका घनमीटर हवेंत सुमारें सात मिलिग्रॅम कण सांपडले. आपल्या देशांत आज श्वासावाटे आंत जाणाऱ्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांस चोवीस तासांच्या सरासरीची जी मर्यादा घातली आहे, ती मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याची आहे. गुजराथेंतील आंकडा केवळ स्वयंपाकाच्या वेळेचा होता आणि त्यांत मोठे कणही धरलेले होते, हें ध्यानांत घेतलें तरी अंतर लहान नाहीं. स्मिथ पुढें बर्कले येथें प्राध्यापक झाले आणि २०२० सालीं निवर्तले. चेन्नईच्या या विभागाच्या डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्याशीं त्यांचें दीर्घकाळ सहकार्य होतें. त्यांनीं मिळून आंध्र प्रदेशांतील खेड्यांत केलेल्या मोजणीचे आंकडे २००४ सालीं प्रसिद्ध झाले. गॅस वापरणाऱ्या घरांत चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागें ७३ मायक्रोग्रॅम, तर लाकूड-गोवऱ्या जाळणाऱ्या घरांत ती ७३२ पर्यंत गेली होती.

आतां हें शिक्षण असतें तरी कशाचें? वाचकांस वाटेल, यंत्र लाविलें, आंकडा वाचला, झालें. तसें नाहीं. एक लहानसा पंप हवा ओढून घेतो, ती एका बारीक गाळणींतून जाते, आणि गाळणीवर जमलेल्या काजळीचें वजन करावयाचें असतें. बाईच्या अंगावर बाळगावयाचा असा पंप मिनिटास लिटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी हवा ओढतो. दिवसभरांत जेमतेम अर्धा घनमीटर हवा त्यांतून जाते. हवेंत घनमीटरमागें ७० मायक्रोग्रॅम धूर असेल, तर गाळणीवर जमणारा माल तीस मायक्रोग्रॅमच्या आसपास भरेल. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या ताटांतील बारीक मिठाच्या एका कणाचें वजनही याहून अधिक भरेल!

इतकें सूक्ष्म वजन करावयाचें म्हणजे सोंवळ्याहून कडक नियम पाळावे लागतात, असें म्हटल्यास आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस त्याचा अर्थ लगेच कळेल. गाळणीस उघडा हात लावावयाचा नाहीं. ज्या खोलींत कांटा आहे तेथील उष्णता व दमटपणा ठराविक ठेवावयाचा, आणि गाळणी त्या हवेंत मुरूं दिल्यावांचून कांट्यावर ठेवावयाची नाहीं, कारण हवेंतील ओलावा शोषूनही तिचें वजन बदलतें. पंपाचा वेग नेण्यापूर्वीं तपासावयाचा आणि परत आल्यावर पुनः तपासावयाचा. सर्वांत आम्हांस आवडला तो कोऱ्या गाळणीचा नियम. प्रत्येक खेपेस कांहीं गाळण्या खेड्यांत नेऊन, त्यांतून हवा न ओढतां, तशाच परत आणावयाच्या आणि त्यांचेंही वजन करावयाचें. त्या कोऱ्या गाळणीचें वजन वाढलेलें आढळलें तर तो धूर चुलीचा नव्हे, आपल्याच हाताळणीचा, हें उघड होतें. आपणच आपल्यावर नेमलेला हा पहारेकरी आहे. घरखर्चाच्या वहींत अशी एक कोरी गाळणी ठेवण्याची सोय असती तर किती बरें झालें असतें!

दुसरें शिक्षण यंत्राचें नाहीं, घरांत शिरण्याचें आहे. परक्या घरच्या गर्भवती सुनेस चोवीस तास अंगावर यंत्र वागवावयास सांगावयाचें, तर तिची, तिच्या सासूची आणि नवऱ्याची समजूत पटली पाहिजे. मग विचारावें लागतें कीं, स्वयंपाक दिवसांतून किती वेळां होतो, घरांत विडी कोण ओढतें, रात्रीं डांसांसाठीं कांहीं जाळतां काय, अंगणांत केरकचरा पेटवितां काय. यांतील एक प्रश्न गाळला तर चुलीवर दुसऱ्याचेंच पाप बसण्याचा संभव असतो.

या सर्व खटाटोपाची खरी कसोटी ज्या प्रयोगांत लागली त्याची हकीकत आतां सांगतों. धुराचा गर्भावर परिणाम होतो काय, हा प्रश्न या विभागानें तमिळनाडूंत आधींच हातीं घेतला होता. १२८५ गर्भवती स्त्रियांच्या पाहणींतून २०१८ सालीं निष्कर्ष निघाला, तो असा: अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण घनमीटरमागें दहा मायक्रोग्रॅमनें वाढले, तर मुलाचें जन्मवजन सरासरी चार ग्रॅमनें घटतें. परंतु अशा पाहणींत एक खोंच राहते. गॅस वापरणारें घर बहुधा चार पैसे बाळगून असतें, तेथें दूधतूपही अधिक असतें. मग मूल वजनदार झालें तें गॅसमुळें कीं दुधामुळें?

या प्रश्नाचा निकाल चिठ्ठ्या टाकूनच लावावा लागतो. भारत, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा या चार देशांत मिळून सुमारें ३२०० गर्भवती स्त्रिया निवडण्यांत आल्या. त्यांपैकीं भारतांतील स्त्रिया तमिळनाडूच्या विळुप्पुरम् व नागपट्टिनम् जिल्ह्यांतल्या होत्या. निवड २०१८ च्या मे महिन्यापासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. निम्म्या घरांस शेगडी आणि अठरा महिने लागेल तितका गॅस फुकट व घरपोंच मिळाला. निम्मीं घरें जुन्या चुलीवरच राहिलीं. कोणतें घर कोठें जावयाचें हें केवळ नशिबानें ठरलें. गॅस मिळालेल्या घरीं जुनी चूल गुपचूप पेटते कीं काय हें कळावें म्हणून तिच्याजवळ उष्णता टिपणारें यंत्रही ठेविलें होतें. चारही देशांतील कार्यकर्त्यांस एकाच पद्धतीचें शिक्षण देऊन तयार केलें होतें, कारण पेरूचा आंकडा आणि विळुप्पुरम्‌चा आंकडा एकाच कांट्यावर तोललेला नसेल तर त्यांची बेरीज करण्यांत अर्थ नाहीं.

निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. धूर खरोखरच घटला. चुलीच्या घरांतील गर्भवतीच्या वांट्यास येणारे सूक्ष्म कण घनमीटरमागें ७०.७ मायक्रोग्रॅम होते, ते गॅसच्या घरांत २३.९ वर आले. आणि मुलांचें वजन? गॅसच्या घरांत सरासरी २९२१ ग्रॅम, चुलीच्या घरांत २८९८ ग्रॅम. शास्त्रीय हिशेबानें फरक वीस ग्रॅमच्या आंतबाहेर आला, आणि तोही निव्वळ योगायोगाचा नव्हे असें खात्रीनें म्हणतां येईना. पुढें २०२४ सालीं तान्ह्या मुलांच्या गंभीर न्युमोनियाचा व खुंटलेल्या उंचीचा निकाल आला, त्यांतही गॅसचा फायदा दिसला नाहीं.

ज्यांनीं या विषयांत आयुष्याचीं वर्षें घातलीं, त्यांस हा निकाल वाचतांना काय वाटलें असेल याची कल्पना आम्हांस करवते. तो त्यांनीं दडविला नाहीं, त्यास साखर लावली नाहीं, ठळक अक्षरांत छापला. आमच्या मतें कोऱ्या गाळणीची शिस्त अंगीं मुरलेल्या माणसांकडूनच असें होतें.

परंतु या निकालाचा अर्थ 'गॅस व्यर्थ' असा जे करितात, त्यांस आम्ही एक साधें त्रैराशिक मांडावयास सांगूं. दहा मायक्रोग्रॅमास चार ग्रॅम, हा आधींच्या पाहणीचा भाव. प्रयोगांत धूर सत्तेचाळीस मायक्रोग्रॅमांनीं घटला. म्हणजे अपेक्षित वाढ एकोणीस ग्रॅमांच्या आसपास. आणि प्रत्यक्ष आढळली वीस! एका राज्याच्या पाहणीचा भाव चार देशांस लावणें हें शास्त्रशुद्ध नाहीं, आणि या जुळणीनें कांहीं सिद्ध होतें असाही आमचा आग्रह नाहीं. परंतु परिणाम मुळीं नाहीं असें म्हणण्यापेक्षां तो फार लहान आहे असें म्हणणें अधिक सयुक्तिक दिसतें. याच प्रयोगाच्या आंकड्यांची २०२३ सालीं दुसऱ्या रीतीनें फोड केली, तेव्हांही अधिक धुराबरोबर थोडी घट आढळलीच. शिवाय या स्त्रिया प्रयोगांत आल्या त्या गर्भारपणाच्या नवव्या ते विसाव्या आठवड्यांत. तोंवरचा धूर त्यांनीं घेतलेलाच होता, आणि लहानपणापासूनची अर्धपोटी वाढ तर कोणत्याही शेगडीनें भरून निघणारी नव्हे.

आम्हांस या हकीकतींत अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. गॅस फुकट आणि घरपोंच मिळाला, तेव्हां बायकांनीं जुनी चूल जवळजवळ सोडून दिली. 'खेड्यांतल्या बायकांस चुलीवरचीच चव हवी' असें शहरांतील दिवाणखान्यांत बसून म्हणणारांस हें उत्तर पुरेसें आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्याच औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, देण्यांत आली. काम खरोखर मोठें झालें. पण पहिला सिलिंडर दारांत आला म्हणजे चूल विझत नाहीं. ती दुसऱ्या, पांचव्या आणि दहाव्या सिलिंडरच्या किंमतीवर विझते किंवा पुनः पेटते.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं रसायन, संख्याशास्त्र किंवा वैद्यक शिकणारीं मुलेंमुली आहेत, त्यांनीं या शाखेचें नांव ध्यानांत ठेवावें. डॉक्टर किंवा इंजिनियर या दोन दारांपलीकडे घरांत तिसऱ्या दाराची चर्चाच होत नाहीं. हवा, पाणी, अन्न व कारखान्यांतील धूळ यांचें मोजमाप करणारी माणसें आपल्या देशास हवीं तितकीं मिळत नाहींत, आणि मुलींस तर या कामांत एक विशेष सोय आहे: परक्या स्वयंपाकघराचें दार त्यांस लवकर उघडतें.

राहतां राहिलें आपलें घर. गॅस आला म्हणून धूर अजिबात गेला असें समजूं नये. मिरचीची फोडणी व तळण यांचाही सूक्ष्म धूर होतो, आणि बंद खिडकीच्या ओट्यापाशीं तो स्वयंपाक करणाराच्याच नाकांत जातो. तेव्हां पंखा व खिडकी हीं स्वयंपाक संपल्यावर नव्हे, सुरू होतांना उघडावीं. डांसांची कॉइल मुलांच्या उशाशीं लावण्याची चाल तर आम्हांस अगदीं मान्य नाहीं. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें होतें. मच्छरदाणी हा जुना उपाय आहे, पण त्यास धूर नाहीं.

आणि घरांत ज्यांनीं वीस-तीस वर्षें चूल फुंकली आहे अशा आजी असतील, तर त्यांचा जुनाट खोकला 'वयाचा' म्हणून सोडून देऊं नये. कधींही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांसही फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा विकार होतो, आणि त्यांत लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा वांटा फार मोठा आहे, हें पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनीं लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत मांडलें आहे. नळींत जोरानें फुंकून फुप्फुसाची शक्ति मोजण्याची स्पायरोमेट्री नांवाची चाचणी शहरांतून सहज होते, तिला सुई टोंचावी लागत नाहीं. डॉक्टरांकडे जातांना आजींस सोबत कोणीं तरी जावें, आणि डॉक्टरांनीं 'सिगारेट ओढतां काय' एवढेंच विचारून 'नाहीं' असें टिपून घेतलें, तर चुलीपुढें गेलेलीं वर्षें किती, तो आंकडाही त्यांच्या कागदावर आवर्जून लिहावयास सांगावें.