टायरांची निगा कीं टायरांची खरेदी?

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींना हल्लीं एका नव्या खेळाची गोडी लागली आहे. रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविण्याच्या लहान मोटारी घेऊन डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर शर्यती लावणें, हा तो खेळ होय. कित्येक पालकांस हा निव्वळ पैशाचा नाश वाटतो. आमचें मत तसें नाहीं. ज्या खेळानें मुलाचे हात कामास लागतात आणि यंत्राकडे पाहण्याची दृष्टि येते, तो खेळ शाळेच्या शत्रुपक्षांतला नव्हे. परंतु या खेळांत एक वाईट खोड शिरत आहे. मोटार वळणावर थोडी निसटूं लागली कीं टायर फेंकून देऊन नवे आणावयाचे, ही ती खोड. तिजविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या मोटारी बहुधा खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाच्या असतात. टायर सुमारें 25 मिलिमीटर रुंद असून त्यांत हवा भरलेली नसते. आंत फोमची कडी बसवून टायर रिमला चिकटविलेला असतो. मोटारीचें यंत्र कितीही बलवान असो, त्याची सारी शक्ति रबराच्या चार लहानशा ठिकाणांतून जमिनीस पोंचते. म्हणून पांच मिनिटांची शर्यत पुष्कळदां यंत्रानें नव्हे, तर रबरानेंच जिंकली जाते. तें रबर जाणणें हा या खेळाचा पहिला धडा होय.

रबर ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. कच्चें रबर उन्हांत चिकट होतें व थंडींत कडक पडतें. सन 1839 मध्यें चार्ल्स गुडइयर यांस असें आढळून आलें कीं, तें गंधकाबरोबर तापविल्यास हा दोष जातो. 1844 मध्यें त्यांनीं या कृतीचें पेटंट घेतलें. पुढें 1888 मध्यें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आणि तो टायर त्यांनीं प्रथम केला तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां! तसलीच कल्पना रॉबर्ट टॉमसन यांनीं 1845 मध्येंच नोंदविली होती, असें मागाहून उघडकीस आलें. असो. ज्या वस्तूचा इतिहास मुलाच्या खेळण्याशीं इतका जोडलेला आहे, ती मुलांनीं समजून घ्यावी, यांत नवल तें काय?

रबराचे शत्रु चार: ऊन, ओझोन वायु, तेल आणि धूळ. यांपैकीं पहिला आमच्या प्रांतांत फार प्रबळ आहे. मे 2013 मध्यें नागपुरास उष्णतामान 47.9 अंशांवर गेलें होतें. अशा दुपारीं डांबर हवेहून कितीतरी अधिक, म्हणजे 60 अंशांच्याही वर तापतें. त्यावर मऊ रबराचा टायर धांवविल्यास तो जरुरीपेक्षां अधिक तापून लवकर झिजतो. म्हणून टायरांवर मऊपणाचे आंकडे दिलेले असतात, ते पाहून उन्हाळ्यांत कठीण व थंडींत मऊ टायर निवडावे, आणि उन्हाळ्यांतील खेळ सकाळींच आटोपावा. ओझोनचा प्रताप पाहावयाचा असेल, तर एक रबरी कडें डब्याभोंवतीं ताणून खिडकींत ठेवावें व दुसरें सैल स्थितींत बंद डब्यांत ठेवावें. कांहीं आठवड्यांनीं ताणलेल्या कड्यावर आडव्या बारीक भेगा दिसतील. सैल राहिलेलें कडें बहुधा शाबूत असेल. विजेच्या मोटरींतून ठिणग्या उडतात तेथें ओझोन उत्पन्न होतो, यास्तव टायर त्यांच्याजवळ ठेवूं नयेत. चौथा शत्रु कोराडीकरांस सांगावयास नकोच. औष्णिक विद्युत्केंद्राच्या छायेंत राहणाऱ्यांस बारीक राख म्हणजे काय हें खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवितांच कळतें. हीच राख टायरवर बसली कीं त्याची पकड जाते, आणि मुलगा म्हणतो, “टायर संपला!” वास्तविक टायर संपलेला नसतो, तो मळलेला असतो.

आतां निगा कशी राखावी? नवा टायर वरून गुळगुळीत असतो. त्यावर प्रथम दोनचार फेऱ्या सावकाश माराव्या, म्हणजे त्याचा पृष्ठभाग उघडतो. प्रत्येक धांवेनंतर ओल्या कापडानें तो पुसावा. फार मळल्यास सौम्य साबणाचें पाणी वापरावें. पेट्रोल किंवा रॉकेल कधींही लावूं नये, कारण त्यानें रबर फुगून सैल पडतें. पकड वाढविण्याचें जें द्रव्य बाजारांत ‘अ‍ॅडिटिव्ह’ म्हणून मिळतें, तें स्पर्धेच्या नियमांत बसत असेल तरच बेतानें लावावें व धांवेपूर्वीं पुसून टाकावें. टायर रिमपासून सुटूं लागला आहे काय, हें बोटानें चाचपून पाहावें व सुटलेली कड वेळींच पुन्हां चिकटवावी. उजव्या वळणांच्या मार्गावर डावे टायर अधिक झिजतात. म्हणून खुणा करून त्यांची अदलाबदल करीत जावें. घरीं आल्यावर मोटार चाकांवर उभी न ठेवतां ठोकळ्यावर ठेवावी, आणि टायर पिशवींत बंद करून अंधाऱ्या, थंड जागीं ठेवावे. या सर्वांस दिवसाकांठीं दहा मिनिटें पुरतात.

यावर एखादे सधन पालक म्हणतील, “एवढी यातायात कशाला? चार टायर आणून देणें आम्हांस जड नाहीं.” आम्ही त्यांस नम्रपणें विचारतों, शेजारच्या बांकावर बसणाऱ्या मुलाच्या वडिलांस तें जड नाहीं काय? जेथें दर शर्यतीस नवे टायर लागतात, तेथें शर्यत मुलांची राहत नाहीं, वडिलांच्या पाकिटांची होते. हें इतर देशांतही ओळखलें गेलें आहे. अनेक मोठ्या स्पर्धांत सर्वांस एकाच जातीचे टायर वापरावे लागतात आणि त्यांची संख्याही ठरवून दिलेली असते. रबराची काटकसर ही कृपणता नव्हे, हेंही इतिहास सांगतो. डिसेंबर 1941 मध्यें मलायावर जपानची स्वारी होतांच अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्राला जानेवारी 1942 पासून टायरांचें रेशनिंग करावें लागलें, आणि त्याच वर्षीं टायर वांचविण्याकरितां मोटारींचा वेग ताशीं 35 मैलांवर आणावा लागला.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेंत किंवा वस्तींत जेव्हां या मोटारींची शर्यत होईल, तेव्हां प्रत्येक स्पर्धकास एकाच जातीचे चार टायर असावे. शिक्षकांनीं त्यांवर शाईची खूण करावी. आणि तेच टायर साऱ्या सत्रांतील शर्यतींस चालवावे. सत्राच्या अखेरीस वेगाच्या बक्षिसाइतकेंच दुसरें बक्षीस ज्याचे टायर सर्वांत कमी व सर्वांत सारखे झिजले असतील त्यास द्यावें. एवढ्यानें पूर्ण समता येईल असें आम्ही म्हणत नाहीं; यंत्र व बॅटरी यांचा खर्च उरतोच. परंतु यंत्र एकदां घ्यावें लागतें, टायर वारंवार. वारंवार होणारा खर्च आवरला, तर गरीब मुलाला निदान आपल्या हातांच्या कसबावर उभें राहतां येईल.

झिजलेल्या टायरांविषयींही एक विनंति आहे. होळीच्या दिवशीं जुने टायर आगींत टाकण्याची जी चाल पडली आहे, ती मुलांनीं मोडावी. त्या काळ्या धुरांत गंधकाचे वायु असतात, आणि तो धूर शेवटीं आपल्याच धाकट्या भावंडांच्या छातींत जातो. कोराडीच्या आकाशास धुराची वाण नाहीं. त्यांत आपण भर घालूं नये.

आणि ज्यांच्या घरीं अशी मोटार नाहीं, त्या विद्यार्थ्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. त्यांच्या सायकलीचें रबर त्याच जातीचें आहे, व तें खेळाकरितां नसून रोजच्या शाळेकरितां आहे. सायकल उन्हांत न लावतां सावलींत लावावी; दर आठवड्यास हवा पाहावी, कारण कमी हवेवर चालविल्यास टायरच्या बाजू दुमडून चिरतात; काटा, खडा रुतला असेल तो त्याच दिवशीं काढावा. जो मुलगा एवढें करील, त्याच्या वडिलांची एका टायरची किंमत वांचेल आणि त्याची पहिली तासिका चुकणार नाहीं. आमच्या मतें शर्यतींतील कोणत्याही चषकापेक्षां ही कमाई लहान नाहीं.